पट्टी धाकट्याच्या वाटणीत

बद्रीनाथने फिरवलेला दांडा धाकट्या भावाच्या, कडूबाच्या कपाळावर बसला. डोळ्यात रक्त उतरलं तसा कडूबा शेडकडे धावला. पळून जायला नव्हे, हत्यार आणायला.

भांडण बांधावरच्या बाभळीचं. ती उपटली की बांध सरकवायला बद्रीनाथ मोकळा, आणि एकदा सरकलेला बांध माघारी येत नाही, हे देवगाव रंगारीत शेंबड्या पोरालाही ठाऊक.

पंचांनी वाटणीही अशी अकलेची केली, की ट्रॅक्टर थोरल्याला आणि अवजारं धाकट्याला. नांगर, पेरणीयंत्र, ट्रॉली, आणि ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या दोन दांड्यांत बसणारी, ओढकामाची भोकांची लोखंडी पट्टीसुद्धा कडूबाकडे आली. तेव्हापासून ट्रॅक्टर नुसता गावभर हिंडायचा आणि अवजारं शेडमध्ये गंजायची.

आज कडूबाच्या हाताला तीच पट्टी लागली. बायको सारजाबाई दारात आडवी आली.

"अव्हं, सख्खा भाऊ हाय तुमचा."

"आज नाय."

तो बांधावर पोचला तेव्हा बद्रीनाथ सीटवर पाठमोरा बसला होता. बाभळीची साखळी त्याने ट्रॅक्टरच्या मागे पार वरच्या सांध्याला अडकवली होती. खाली अडकवायला पट्टीच नव्हती. नांगर धरायला तो सांधा ठीक. पण तिथून रुतलेलं काही ओढलं की पुढची चाकं उठतात आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यावरच उलथतो.

साखळी ताणली. पुढची चाकं वीतभर उठून आदळली. बद्रीनाथने दात खाऊन पुन्हा रेस वाढवली.

आता हातही उचलायची गरज नव्हती. नुसतं गप्प राहायचं. कडूबाला फार बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच त्याला भीती वाटली.

"भाऊ, क्लच दाब. उलथंल."

ट्रॅक्टर थांबला. कडूबाने पट्टी खाली टाकली.

"हिला बांध. वर नगं."

बद्रीनाथने पट्टीकडे पाहिलं, मग भावाच्या कपाळाकडे. खाली उतरला. दोघे दोन बाजूंना वाकले, पिना ठोकल्या, साखळी खाली घेतली. बद्रीनाथ परत सीटवर चढला. आता तरी बाभळीचा नाद सोडून घरी जाईल, असं कडूबाला वाटलं.

"साखळी तुटली तर लागंल," बद्रीनाथ मागे न बघता म्हणाला. "लांब सरक."

कडूबा लांब सरकला. मुळं कडाकडा तुटली आणि बाभळ त्याच्या कपाशीत आडवी झाली.