रंभाबाईच्या कातडीतली पकड

मी एक जुना हात आहे, मित्रांनो, पण मला बोटे नाहीत. मी एक प्रथिन आहे. डॉक्टर मला डेस्मोग्लिन म्हणतात. कातडीतली एक पेशी शेजारणीला धरून राहते ती माझ्यामुळे. माझ्यासारखे असंख्य आहेत. एक झिजला की त्याच जागी दुसरा उभा राहतो, म्हणून मी स्वतःला जुना म्हणवतो.

मी बहादरपूरच्या रंभाबाईच्या अंगात असतो. बाईने केळीचे घड वाहिले, धुणी आपटली, लेक निशाला कडेवर वाढवले. कातडी ताणली, घासली, उन्हात करपली. मी सोडले नाही. कौतुक कुणी केले नाही. मला त्याचे काही वाटत नसे. बरं, थोडे वाटे.

अंगात राखणदार असतात. ते बाहेरच्या जंतूंना ओळखून धरतात. एकदा ते माझ्यापाशी थांबले आणि त्यांनी मला आपला म्हणून ओळखले नाही. का, ते मला आजही ठाऊक नाही. आवाज नाही, भांडण नाही. ते नुसते येऊन मला चिकटत गेले. माझी पकड ढिली झाली. शेजारची पेशी हळूच लांब सरकली आणि मधल्या फटीत पाणी साचले.

आधी तोंडात फोड आले. निशाचे लग्न तोंडावर होते, म्हणून रंभाबाई भाकरी दुधात भिजवून खात गप्प राहिली. मग बांगड्या भरायचा दिवस आला. कासारणीने तिचा हात दाबून हिरवी बांगडी चढवली. बांगडी सरकली आणि तिच्यासोबत कातडीही सरकली, पिकल्या केळीच्या सालीसारखी. सगळ्या बाया त्या हाताकडे बघत राहिल्या.

फोड म्हणजे देवी अंगावर आली, असे समजून सासू गोदाबाईने हात जोडले. "माता निघाली वं. सुई नको, दवा नको. कोपते ती."

दाराला कडुलिंब बांधला. घरात फोडणी बंद झाली. नवऱ्या मुलीला लागण होईल म्हणून निशाला आत जायची मनाई झाली. आत रंभाबाई एकटी पडून होती. कूस बदलली की पाठीची कातडी चादरीला राही. मी सुटत होतो, मित्रांनो, आणि मला भीती वाटत होती. मी पुरता सुटलो असतो तर ती वाचली नसती.

शेवटी निशाने दार ढकलले. "आजी, माता इतके दिन राहते का? लगीन राहू दे माझं. मी आईले दवाखान्यात नेते."

चादर चिकटते म्हणून तिने केळीची कोवळी पाने धुऊन गाडीत अंथरली. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर अंगठा सरकवला. तीही सरकली.

"ही माता नाही," त्या म्हणाल्या. "हे कोणाला लागत नाही. हात लावा तिला."

औषधे सुरू झाली. राखणदार हळूहळू शांत झाले. ते गेलेले नाहीत. रोज माझ्या अगदी जवळून जातात, म्हणून सांगतो, डॉक्टरांनी दिलेले औषध मनाने बंद करू नका. आणि फोड दिसले म्हणून माणसाला दाराआड ठेवू नका.

पुढे निशाच्या लग्नात लेकीने हात पुढे केला, तेव्हा कातडी सरकेल या भीतीने रंभाबाईने मनगट मागे घेतले. निशाने ते तरीही धरले. कातडी जागची हलली नाही. निशाच्या बोटांतही माझेच भाऊबंद आहेत. तिथल्या राखणदारांना ते अजून ओळखीचे वाटतात.