दगडाला पाझर

रांग चर्चच्या दारातून निघून वळणावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानापर्यंत गेली होती. आत वेदीमागच्या भिंतीवर दगडात कोरलेला पेलिकन पक्षी आहे. चोचीने स्वतःची छाती फोडून तो पिलांना रक्त पाजतो आहे. महिनाभर त्याच्या छातीतून खरोखरच लाल थेंब गळत होते. लोक ते कापसावर टिपून घेत, कपाळाला लावत, जिभेवर ठेवत. बायका हुंदके देत होत्या. मी दारात उभी राहून पाहत होते आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं.

त्यात नवल नव्हतं. धाकटा भाऊ गेल्यापासून मला कशाचंच काही वाटेनासं झालं आहे. चर्चच्या दवाखान्यात मी डॉक्टर आहे. वेळेवर कामाला जाते, जेवते, झोपते. त्याच्या मातीलाही मी रडले नाही, आणि ते भावजयीने मनात धरून ठेवलं आहे.

"लोकहो, दगडाला पाझर फुटला," माइकवाला सांगत होता. हा गृहस्थ पूर्वी प्रेशर कुकरची जाहिरात करत गल्लोगल्ली फिरायचा. आवाज तोच, माल नवा. "जुनाट ताप, सांधेदुखी, आकडी, कोर्टकचेरी, सगळ्यावर एकच थेंब. पण विश्वास अर्धा नको. एक हात देवाच्या हातात आणि दुसरा औषधाच्या बाटलीत, असं चालायचं नाही. गोळ्या या पेटीत टाका आणि मोकळे व्हा. रविवारी मात्र येऊ नका. रविवारी देव विश्रांती घेतो, रक्त येत नाही."

भावजयीचा नंबर आला. तिने भाचीच्या जिभेवर कापूस टेकवला आणि पर्समधली पाकिटं पेटीत टाकली.

"त्या तिच्या आकडीच्या गोळ्या आहेत," मी म्हणाले. "मध्येच बंद केल्या तर जिवावर बेतेल."

"हिच्या बाबांना वाचवलं तुमच्या गोळ्यांनी?" ती शांतपणे म्हणाली. "दगडाला पाझर फुटला, ताई. तुम्हाला कधी फुटणार?"

पोरगी लाल ओठांनी माझ्याकडे बघत होती.

मी फादरना गाठलं. ते मान खाली घालून म्हणाले, "बाकं भरली आहेत, डॉक्टर. किती वर्षांनी."

"मुलगी दगावली तर त्याच बाकांवर बसून तिचा अंत्यविधी करू," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भाचीला वर्गात आकडी आली. मी इंजेक्शन देऊन ती थांबवली. माइकवाल्याचं निदान तयारच होतं: विश्वास कमी पडला. भावजयीला ते पटलंही.

मी दवाखान्यातल्या प्रयोगशाळेच्या बेसिनवर हात धुवायला गेले. बेसिन लालेलाल होतं. क्षयाच्या रोग्यांची थुंकी तपासताना काचेवर लाल रंग चढवतात आणि काच तिथेच धुतात. रविवारी प्रयोगशाळा बंद असते. बेसिनमागची भिंत म्हणजे वेदीमागचीच भिंत. मी वाकून खाली पाहिलं. पाइप भिंतीत शिरतो तिथे फुटला होता, आणि जमिनीवर पाण्याचा टिपूसही नव्हता. सगळं पाणी भिंत पीत होती.

सकाळी मी बेसिनमध्ये कपड्यांची नीळ ओतली आणि नळ सोडला. थोड्या वेळाने पक्ष्याच्या छातीतून निळे थेंब यायला लागले. रांग थबकली. माइकवाल्याने माइक एकदा खाली केला, मग पुन्हा वर धरला.

"बघा, आज स्वर्गाचा रंग," तो म्हणाला. काहींनी पुन्हा हात जोडले.

मी रांगेतल्या भावजयीला हाताला धरून पोरीसकट प्रयोगशाळेत नेलं. "हा नळ तू बंद कर आणि बघून ये."

ती बघून आली. थेंब थांबले होते. मी न सांगताच तिने नळ पुन्हा सोडला, पुन्हा बघून आली, आणि बेसिनजवळ उभी राहिली.

"इथे काय धुता?"

मी सांगितलं. तिने तळहाताने पोरीचे ओठ पुसले. पुसतच राहिली.

आमच्या मागोमाग येऊन फुटका पाइप बघून गेलेल्या फादरनी तोवर माइक मागून घेतला होता. "हे पलीकडच्या फुटक्या पाइपाचं पाणी आहे. आणि पुढचं मी महिनाभर आधी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "भिंतीच्या या बाजूला प्रार्थना आहे, त्या बाजूला दवाखाना. पक्षी मुद्दाम मधल्या भिंतीवर कोरला. स्वतःजवळचं काढून दुसऱ्याला द्यायचं, एवढंच तो सांगतो. दगडातून रक्त यायचं नाही. द्यायचं काम आपलं आहे. आणि पलीकडे ते रोज चालू असतं, तिथे मात्र रांग नसते."

माइकवाला वायर गुंडाळत होता.

मग पेटीवर झुंबड उडाली. साखरेच्या, रक्तदाबाच्या, हृदयाच्या गोळ्या एकमेकींत मिसळल्या होत्या. मी जमिनीवर बसून एकेक पाकीट वाचून ज्याचं त्याला देऊ लागले. माझं सांगणं साधं आहे. दगड ओला दिसला तर हात जोडण्याआधी भिंतीपलीकडे नळ आहे का ते बघा, आणि तोवर गोळी चुकवू नका.

भाचीने तिची गोळी पाण्याबरोबर घेतली. भावजय माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"ताई, तुम्हाला अजून रडू येत नाही?"

"नाही."

ती माझ्याशेजारी खाली बसली आणि पाकिटं निवडायला लागली.