झोप न लागणारी गाडी

मेलेल्या गाडीला नुसता हात लावून उठवणारा माणूस मी या डोळ्यांनी पाहिला आहे. तसा मी थापाड्या म्हणूनच प्रसिद्ध. मी बसवलेल्या हॉर्नने एकदा तळ्यातले मासे काठावर येऊन उभे राहिले होते, असं मी अजूनही सांगतो. पण ही हकिकत खरी माना, कारण हिच्यातलं गाढव मीच आहे.

इमारतीच्या पार्किंगमध्ये साठ-सत्तर माणसं दाटीवाटीने उभी. मधोमध राखाडी हायब्रिड गाडी, मुकी पडलेली. दिवा नाही, काटा नाही, आवाज नाही. बॉनेट उघडं आणि समोर स्पंदनबाबा. अंगावर पायघोळ शाल, दोन्ही मनगटांत तांब्याची जाडजूड कडी.

"ऊर्जा मरत नाही, भक्तहो, ती रुसते!" बाबा गरजले. "या गाडीत एक आत्मा जागा आहे. त्याची फ्रीक्वेन्सी माझ्या फ्रीक्वेन्सीला मिळाली, की बघा!"

मिळाली. बाबांनी एक हात फ्यूजच्या पेटीत घातला, दुसरा इंजिनाच्या बोल्टवर टेकवला आणि डोळे फिरवले. आतून बटण दाबलं गेलं आणि हिरवा दिवा लागला. घरघर नाही, हादरा नाही. हायब्रिड गाडी सुरू होते ती अशीच, मुकाट्याने. पण हे ठाऊक कोणाला?

"श्वाससुद्धा ऐकू आला नाही हो!" इस्त्रीवाला किंचाळला, आणि माणसं चपला काढून उभी राहिली.

गर्दीच्या मागे मीही होतो. हसायला यायला हवं होतं. आलं नाही, कारण पुढच्या सीटवर वहिनी बसल्या होत्या.

वहिनी म्हणजे माझ्या दोस्ताची, घड्याळजीची बायको. तो चार महिन्यांपूर्वी गेला. शेवटचे नऊ दिवस त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. वहिनींच्या दोन्ही किडन्या निकामी. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त शुद्ध करून आणायचं. त्यासाठीच त्यांच्या लेकीने ही गाडी घेतली आणि मी हौसेने ती सजवली: काचेवर पहारा देणारा कॅमेरा, पायाखाली दिवे, वहिनींच्या पाठीला ऊब देणारी गादी.

पंधरा दिवसांत गाडी उभ्या उभ्या मरायला लागली. लेकीचा फोन आला. मी ऐटीत म्हणालो, "आत काहीतरी जागं राहतंय. गाडी झोपत नाहीये."

आमच्या धंद्यातली ही रोजची भाषा. गाडी बंद केली की तिचे सगळे भाग वीज घेणं थांबवतात, त्याला आम्ही झोपणं म्हणतो. पण फोन स्पीकरवर होता. वहिनींनी ऐकलं, कोणीतरी जागं आहे, झोपत नाहीये. आणि काचेवरच्या कॅमेऱ्याचा निळा ठिपका गाडी बंद असतानाही लुकलुकत होता.

"हेच आहेत," वहिनी म्हणाल्या.

"उद्या येऊन बघतो," असं मी सांगितलं होतं. आठ दिवस गेलो नाही. तार माझीच चुकली असणार, हे मनातून कळत होतं. चाळीस वर्षं लोक तारवाले काका म्हणून हाक मारतात. तोंड कसं दाखवायचं? मी नाही गेलो, म्हणून बाबा आले.

गाडी उठवल्यावर बाबांचा हुकूम सुटला. "आत्म्याची झोप पुरी होईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही. त्याला एकटं सोडायचं नाही!" वहिनी गाडीतून उतरेनात. तीन दिवसांनी गाडी पुन्हा मेली. तोवर मशीनच्या दोन पाळ्या चुकल्या होत्या.

लेक माझ्या दारात आली ती रडायचंही विसरलेली.

"काका, आईचे पाय बघा येऊन. चप्पल शिरत नाही. चार शब्द बोलली की धाप लागते. डॉक्टर म्हणाले, आजची पाळी चुकली तर… आणि अँब्युलन्स आणली तर आतून दार लावून घेते. म्हणते, यांना सोडून कुठे जाऊ?"

मी मीटर घेतलं. स्कूटरची बॅटरी काढून भाजीच्या पिशवीत टाकली आणि निघालो.

पार्किंगमध्ये पुन्हा गर्दी, आणि गाडी परत उठवायला बाबा शाल सावरून तयारच होते. मी हात जोडले.

"महाराज, आधी जरा आपली नाडी बघू का?"

"माझी? बघ की!" गर्दीकडे पाहत त्यांनी दोन्ही मनगटं ऐटीत पुढे केली. मी मीटरची एक सुई एका कड्याला लावली, दुसरी दुसऱ्याला.

"बारा पूर्णांक सहा!" मी ओरडलो. "मंडळी, महाराजांच्या अंगात बारा पूर्णांक सहा व्होल्ट! यांना सुतळीने टांगलं तर पार्किंगचे दिवे लागतील!"

कोणीतरी फिसकन हसलं. बाबांनी हात मागे घेतले, पण लेकीने शालच ओढली. कमरेला वहीएवढी काळी डबी. तिच्यातून दोन तारा बाह्यांमधून दोन्ही कड्यांपर्यंत गेलेल्या; त्या दिवशी गाडीला वीज मिळाली ती इथूनच.

"हे कवच आहे! वैश्विक…" बाबा चाचरले.

"कवचाला चार्जर कुठला लागतो हो?" इस्त्रीवाल्याने चपला घालत विचारलं.

पण वहिनींच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "बाबा खोटे असतील, भावजी," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पण आत जागं आहेच ना कोणीतरी? तुम्हीच म्हणालात."

थाप मारणं मला फार सोपं होतं. दोस्त आहे म्हणालो असतो तर वहिनी सुखाने तिथेच बसल्या असत्या, आणि संध्याकाळपर्यंत संपल्या असत्या.

"जागा आहे तो कॅमेरा, वहिनी. मी जोडलेला. या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. मोठी पहिलवान, ती चाकं फिरवते. छोटी दारवान, ती पहिलवानाला उठवते. मी कॅमेऱ्याची तार चुकून कायम चालू असलेल्या फ्यूजला जोडली. गाडी बंद केली तरी तो दारवानाचं रक्त पीत राहतो. तीन दिवसांत दारवान बेशुद्ध. मग पहिलवान ठणठणीत असला तरी त्याला उठवणार कोण? चूक माझी. इतके दिवस ती लपवली, हे पापही माझंच."

मी स्कूटरची बॅटरी जोडली. गाडी बंद असतानाही मीटरवर अर्धा अँपिअर वीज वाहताना दिसली, ती वहिनींना दाखवली. निळा ठिपका लुकलुकू लागला होता. मग त्यांचा सुजलेला हात कॅमेऱ्याच्या फ्यूजवर ठेवला.

"तुम्हीच काढा."

त्या कितीतरी वेळ ठिपक्याकडे बघत राहिल्या. मग फ्यूज ओढला. ठिपका विझला. मीटरचा आकडा जवळजवळ शून्यावर उतरला.

"म्हणजे हे इथे नाहीत."

"नाहीत, वहिनी."

मला वाटलं, त्या कोसळतील. त्यांनी डोळे पुसले. "बंद घड्याळ घेऊन कोणी अपशकुन म्हणत आलं, की हे हसायचे. म्हणायचे, आधी मागचं झाकण तर उघडू द्या." त्यांनी सीटचा पट्टा ओढला. "भावजी, झाकण उघडायला फार उशीर केलात. चल गं पोरी, पाळी चुकेल."

लेकीने बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. स्कूटरची बॅटरी सोडवून मी बाजूला झालो, गाडी आवाज न करता फाटकाबाहेर गेली. त्या दिवशी पाळी मिळाली. वहिनी आजही मशीनवर जातात आणि मला भेटतील तेव्हा घालूनपाडून बोलतात.

कॅमेऱ्याची तार मी आता बटणाबरोबर झोपणाऱ्या फ्यूजवर नेली आहे. बाबा गेले, दुसरे येतील, कडी सोन्याची असतील. तेव्हा एवढंच करा: शाल बाजूला सारायला सांगा. आणि ज्याच्या हातून चूक झाली असेल त्याने, लाज गिळून, बाबाच्या आधी पोचावं.