डाव्या कोपऱ्यातली सावली

वूरिंडी गावच्या फुटबॉल क्लबचा हॉल शनिवारी दुपारी खचाखच भरला होता. मूल होत नाही म्हणून आलेली जोडपी, त्यांच्या आया, सासवा, आणि मागे नुसता केक हाणायला आलेले दोन-चार रिकामटेकडे. मंचावर मेलबर्नहून आलेला डॅमियन प्रेंटिस. कफनी नव्हती, जटा नव्हत्या; पांढरेशुभ्र बूट आणि कानाला माइक होता. बाकी सगळा थाट बुवाचाच.

"डॉक्टर अंदाज बांधतो, पर्ल जाणते!" तो गरजला. "भ्रूणाचा एक फोटो द्या, दहापैकी आकडा घ्या. वाट बघणं नको, रडारड नको!"

पर्ल म्हणजे त्याच्या क्लिनिकचं कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्र. प्रयोगशाळेत वाढवलेल्या भ्रूणांपैकी कुठला गर्भाशयात सोडायचा आणि कुठला टाकायचा, ते म्हणे ही सांगणार. पडद्यावर दोनशे गुटगुटीत बाळं झळकली. एका सासूबाईंनी चक्क डोळे पुसले.

नॅरेलने नाही पुसले. ज्यांचे हात रिकामे राहिले त्यांचे फोटो कुठल्या पडद्यावर लावलेत, एवढंच तिच्या मनात आलं. बेचाळीस वर्षांची नॅरेल मेंढ्यांच्या लोकरीची प्रतवारी करायची. तिचे तीन भ्रूण तयार झाले होते. पहिला गेल्या वर्षी सोडला, रुजला नाही. मग गावातल्या क्लिनिकमध्येही पर्ल आली. तिने दुसऱ्याला दोन दिले; मार्चमध्ये नॅरेलने सही केली आणि तो टाकून दिला. तिसऱ्याला २.४. त्या वेळी मात्र तिचा हात अडला. तो अजून गोठवलेला होता, टाकून द्यायचा कागद तिच्या पर्समध्ये होता, आणि सोमवारी तो सही करून द्यायचा होता. नवी बीजं मिळतील ही आशा डॉक्टरांनीच सोडली होती.

"सही करून मोकळी हो गं," नवरा ग्लेन कुजबुजला. "यंत्र काय आपल्या वाईटावर आहे?"

"नसेल. पण त्या यंत्राची परीक्षा कुणी घेतली, ते हा सांगतोय का?"

"झालं! काढली हिने लोकर!"

लोकरच आठवत होती तिला. लोकर कातरायच्या शेडवर नवा प्रतवारीवाला आला की तिचे वडील एक खोडी काढायचे. त्याने तपासून कप्प्यात टाकलेली लोकर तासाभराने गुपचूप उचलायची आणि फिरवून पुन्हा त्याच्याच टेबलावर टाकायची. गड्याने ती दुसऱ्याच कप्प्यात टाकली की वडील म्हणायचे, "बाळा, तू लोकर बघत नाहीस, भलतंच काहीतरी बघतोस."

"आहे का कुणाकडे फोटो?" प्रेंटिस विचारत होता.

नॅरेलचा हात वर गेला. क्लिनिकनेच दिलेला फोटो तिने मोबाइलवरून पाठवला. पाच सेकंद. २.४.

"बघा! क्लिनिकमध्ये जो आकडा, तोच इथे. पर्ल शब्द फिरवत नाही! वाईट वाटतं बाई, पण खरं ते खरं."

"साहेब, अजून एक पाठवू?"

"एक काय, दहा पाठवा!"

तिने तोच फोटो उलटा केला, खालची बाजू वर, आणि पाठवला. पाच सेकंद. ७.१.

"अरे वा!" प्रेंटिसने हात पसरले. "सोनं आहे, सोनं! बाई, त्या पहिल्याचा नाद सोडा, हाच घ्या!" हॉल टाळ्यांनी दणाणला.

"साहेब, दोन्ही एकच आहेत," नॅरेल म्हणाली. "मी फक्त उलटा केलाय. डोक्यावर उभं राहिलं की भ्रूण सुधारतो वाटतं?"

प्रेंटिस गडबडला. "म्हणजे... इथलं नेटवर्क जरा..."

"दोनाचे सात करतं होय तुमचं नेटवर्क?" मागून कुणीतरी ओरडलं.

"नेटवर्क नाही. सावली आहे." चहाच्या टेबलापाशी मोइरा उभी होती. तीस वर्षं ती गावातल्या क्लिनिकच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली. "आमचं फोटो काढायचं यंत्र जुनं. फोटोच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात सावली पडते. पर्लला शिकवायला मेलबर्नच्या फोटोंत आमचे जुने फोटोही मिसळले. आमच्याकडे बायका येतात त्या चाळिशी उलटल्यावर, म्हणून गर्भ कमी रुजायचे. पर्लला भ्रूणातलं काही कळलं नाही. त्या कोपऱ्यात सावली दिसली की अपयश, एवढंच ती शिकली. फोटो उलटा केला की सावली वर जाते, मग तिला ती ओळखू येत नाही. मेलबर्नला दोनदा कळवलं मी. म्हणाले, तू आपल्या काचेच्या बशा सांभाळ."

तिने नॅरेलचा मोबाइल घेतला, सरळ फोटोतला तेवढा कोपरा कापून टाकला आणि उरलेला फोटो पाठवला. ७.३.

"म्हणजे हा चांगला आहे?" ग्लेनचा आवाज चिरकला.

"नाही रे. दोनही खोटा आणि सातही खोटा. रुजेल की नाही, मला माहीत नाही. टाकून द्यावा असं त्यात मला काही दिसत नाही, इतकंच सांगते."

नॅरेलला आनंद व्हायला हवा होता. पण तिला मार्चमधली सही आठवली.

"मोइरा, मार्चमधला? त्याच्या फोटोत होती सावली?"

मोइराने मान खाली घातली. "होती."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"नोकरीची भीती वाटली गं. आणि माझी खात्री नव्हती."

"खात्री कुणाचीच नव्हती," नॅरेल म्हणाली. "तरी सही घेतलीत माझी."

प्रेंटिस वायरी गुंडाळत होता. पर्समधला कागद नॅरेलने सही न करताच मोइराच्या हातात दिला आणि ती लोकांकडे वळली.

"यंत्राला शिव्या देऊ नका. शिकवलं ते शिकलं बिचारं. पण कुणीही आकडा तोंडावर फेकला, माणसाने नाहीतर यंत्राने, तर विचारा, कशावरून काढलास? कुणी तपासला? ज्यांचं फसलं, त्यांना मोजलंस का? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका. मार्चमध्ये मी न विचारता केली."