सात नंबरची पुडी

बोदवडच्या आमच्या शाळेतून गेल्या पंधरा वर्षांत बारावी सायन्सची जी पोरं पास झाली, त्यातल्या निम्म्यांना केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला मी पास केलंय. हे मी चारचौघांत बोलत नाही, पण खोटंही नाही. मी रुपचंद, प्रयोगशाळा परिचर. बाटल्या पुसायच्या, टेस्ट ट्यूब धुवायच्या, बर्नर पेटवून द्यायचा, हे माझं काम. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला प्रत्येक पोराला एक पुडी देतात आणि आतला क्षार कोणता ते ओळखायला सांगतात. तो क्षार कोणता हे पोराला हळूच सांगायचं, हे माझं दुसरं काम. ते मला कुणी दिलेलं नाही, मीच घेतलं.

आता लगेच नाक मुरडू नका. बाटलीतून पूड मी काढतो, पुड्या मी बांधतो, नंबर मी टाकतो. मग समोर पोरगं घाम पुसत उभं असलं की माझ्याच्याने राहवत नाही. शेजारून जाताना नुसतं पुटपुटायचं, बस. पुढे ती पोरं बाजारात भेटली की भाऊ, भाऊ करत चहा पाजतात.

केमिस्ट्री शिकवायला शिल्पा मॅडम आल्या आणि माझं डोकं फिरायला लागलं. आधीचे सर एकदा टेबलावर करून दाखवायचे, पोरं वहीत उतरवून घ्यायची, काचसामान कपाटात सुखरूप राहायचं. मॅडमना मात्र प्रत्येकाच्या हातात सगळं द्यायचं. क्षार तारेवर घेऊन ज्योतीत धरा, ज्योत लाल झाली तर स्ट्रॉन्शियम, हिरवी झाली तर बेरियम. पहिल्याच महिन्यात बावीस टेस्ट ट्यूब फुटल्या. मी मागे नळावर काचा गोळा करत बडबडायचो, तर मॅडम म्हणायच्या, फुटू द्या भाऊ, पोरं शिकताहेत.

त्या पोरांत माझी दिपमालाही होती. एकुलती एक आमची. जळगावला बीएस्सी करायचं आणि वरणगावच्या फॅक्टरीत लॅबला लागायचं, हे तिने नववीतच ठरवून टाकलेलं. घरी गॅसवर चिमूटभर मीठ टाकून ज्योत पिवळी करून दाखवायची. तिची आई लिलाबाई अमळनेरकडची, चिडली की अहिराणीवर येते. ‘बठ्ठा गॅस तुलेच लागस का?’, म्हणजे सगळा गॅस तुलाच लागतो का, म्हणत पोरीच्या पाठीत धपाटा घालायची. मी वरून रागवायचो आणि आतून फुलून जायचो. खरं सांगतो, त्या पोरीवर माझा फार जीव आहे.

नियमाने प्रॅक्टिकलच्या दिवशी मी लॅबमध्ये असायलाच नको होतं, पोटची पोर परीक्षेला होती. तसं मी लिहूनही दिलं होतं. पण दुसरा परिचर शाळेत आहेच कुठे? मुख्याध्यापक म्हणाले, चालवून घ्या.

बाहेरचे परीक्षक अमळनेरहून आले, बडगुजर सर. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. पहिल्या बॅचला बारा पोरं. सात नंबरची पुडी तिघांना गेली: समाधान, राजदीप आणि आमची दिपमाला. सातमध्ये स्ट्रॉन्शियम क्लोराइड होतं. मीच भरलेलं, मला माहीत नसणार तर कुणाला?

समाधान आणि राजदीपला मी जाता जाता सांगून टाकलं. मग दिपमालाच्या टेबलावर पाण्याची बाटली ठेवायच्या निमित्ताने गेलो आणि म्हणालो, ‘स्ट्रॉन्शियम. लिही.’ तिने मान वर केली नाही. बर्नरकडेच बघत राहिली. मला राग आला. बाप नोकरी धोक्यात घालून सांगतोय आणि ही बघतसुद्धा नाही.

तासाभराने बडगुजर सर पेपर बघत फिरायला लागले. त्यांच्या हातात मॅडमनी दिलेली उत्तरांची यादी होती. दिपमालाजवळ ते थांबले. तिने बेरियम क्लोराइड लिहिलं होतं. सरांनी विचारलं, ज्योत कोणती दिसली? हिरवी, म्हणाली. सर म्हणाले, पुन्हा करून बघ. पुडी संपली होती. सर सावकाश म्हणाले, सात नंबर बाकी दोघांनी बरोबर ओळखलाय. शिल्पा मॅडमचा चेहरा पडला. दिपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण उत्तर काही तिने खोडलं नाही.

ते हिरवी ज्योत ऐकलं आणि मला कपाटातली दोन लेबलं आठवली.

जानेवारीत मी कपाट साफ केलं होतं. आम्लाच्या वाफेने लेबलं सुटतात, नेहमीचंच आहे. त्या दिवशी दोन बाटल्यांची लेबलं फळीवर गळून पडलेली, एक स्ट्रॉन्शियमचं, एक बेरियमचं. दोन्हींतली पूड पांढरीच. मॅडमना विचारायला हवं होतं. पण म्हटलं, सव्वीस वर्षं झाली नोकरीला, आपल्याला काय विचारायची गरज? डिंक लावला आणि डोळे झाकून चिकटवून टाकली. मॅडमनी उत्तरांची यादी त्या लेबलांवरून केली.

हे या जगात फक्त मला माहीत होतं. गप्प बसलो असतो तर समाधान पास, राजदीप पास, माझं नाव शाबूत. फक्त माझ्या पोरीचे मार्क गेले असते, आणि तेही तिने खरं लिहिलं म्हणून. आणि बोललो असतो तर सरांचा पुढचा प्रश्न काय येणार, तेही मला दिसत होतं. मी दोन मिनिटं हातातला फडका नुसता पिळत उभा राहिलो.

मग पुढे झालो. ‘सर, तिचं बरोबर आहे. लेबल मी चुकीचं चिकटवलंय.’

सरांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या दोन पोरांकडे. आणि तोच प्रश्न आला. ‘मग या दोघांना लाल ज्योत कशी दिसली?’

समाधान पायाकडे बघायला लागला, राजदीप खिडकीबाहेर. पोरांना कशाला मध्ये ओढायचं? मी म्हणालो, ‘त्यांना दिसली नाही, सर. मी सांगितलं.’

मला वाटलं, आता सर मुख्याध्यापकांना बोलावणार. पण त्यांनी कपाटातली ती बाटली मागवली, टेबलावर ठेवली आणि तार माझ्या हातात दिली. म्हणाले, तुम्ही म्हणता ना, मग दाखवा.

सव्वीस वर्षं मी रोज बर्नर पेटवतो. तार मात्र त्यात कधी धरली नव्हती. मी ती बाटलीत खुपसली आणि ज्योतीत नेली. पूड तारेला धरलीच नाही, सगळी खाली सांडली, ज्योत होती तशीच निळी. पुन्हा केलं, पुन्हा तेच. बारा पोरं, मॅडम, सर, सगळे बघत होते.

मागून दिपमालाचा आवाज आला. ‘पप्पा, तार आधी आम्लात बुडवा.’

बुडवली. मग बाटलीत, मग ज्योतीत. आणि हिरवीगार ज्योत उठली हो, गव्हाच्या कोवळ्या पातीसारखी. किती वेळ मी ती धरून ठेवली मला आठवत नाही. शेवटी सरांनीच माझ्या हातातून तार काढून घेतली.

सरांनी यादी दुरुस्त केली, दिपमालाचं उत्तर बरोबर धरलं. समाधान आणि राजदीपला नवी पुडी दिली आणि पहिल्यापासून करा म्हणाले. वेळ थोडा होता, तरी दोघांनी केलं. बरं केलं, खोटं कशाला बोलू. पुढच्या बॅचना मला लॅबबाहेर बसवलं आणि मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला. मी झालं तसं लिहून दिलं. शिल्पा मॅडम आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एका शनिवारी त्यांनी सगळ्या पांढऱ्या बाटल्या टेबलावर मांडल्या, दिपमालाला बोलावलं आणि मला तार दिली. मी ज्योतीत धरायची, दिपमालाने रंग बघून सांगायचा, मॅडमनी लेबल लिहायचं.

त्या दिवशी घरी जाताना मात्र मी पोरीला विचारलंच. एवढे दिवस मनात खुपत होतं. म्हटलं, मी सांगितलं तेव्हा तू मान का वर केली नाहीस गं? बाप खोटं बोलतोय असं वाटलं का?

ती चालता चालता थांबली. ‘नाही पप्पा. ज्योत हिरवी होती, ती मला समोर दिसत होती. पण तुमच्याकडे बघितलं असतं, तर मी तुमचंच लिहिलं असतं.’