कुसुमखोऱ्याची गाडीवाट

“कुसुमखोऱ्यात गाडी जाते का?” नकाशावर बोट ठेवून साहेबांनी विचारलं, आणि लटारू नाकेदाराच्या तोंडचं पाणी पळालं.

जंगलखात्यात बावीस वर्षं काढलेल्या या माणसाने साहेबांसमोर कधी मान वर केली नव्हती. खोटं बोलणं तर लांबच. पण बावन्न साली शेजारच्या खोऱ्यात सडक गेली, ती त्याने पाहिली होती. दोन हिवाळ्यांत सागवान संपलं आणि होळीच्या आत नाला आटला. कुसुमखोऱ्यातला झरा अजून भर उन्हाळ्यात वाहत होता. पायथ्याचं गाव, त्याचा दोस्त लालसू याचं, त्या झऱ्यावरच जगत होतं.

“नाई जी, गाडी जात नाई,” तो म्हणाला. साहेब बघतच राहिले. घाबरट माणूस खोटं बोलला की मापात बोलत नाही. “अन् तिथी मानूसखाऊ वाघीन हाये.”

वाघीण होती. माणूस तिने कधी खाल्ला नव्हता. गस्तीवर दोनदा समोर आली, दोन्ही वेळा तिनेच वाट सोडली.

“मग आधी तिचाच बंदोबस्त करू,” साहेब म्हणाले. “माझी बंदूक आहे.”

लालसूने ऐकलं आणि तो मटकन खाली बसला. “काऊन असं सांगतलं, लटारूभाऊ?”

“भेव लागलं मले.”

“मंग आता जाऊन खरं सांग.”

लटारू बंगल्याच्या पायरीपर्यंत गेला. खोटं उघडं पडलं की नोकरी जाणार, सडकही येणार. आत साहेबांची खुर्ची वाजली, तसा तो माघारी फिरला.

वाघिणीची पाण्याची जागा त्यालाच दाखवावी लागली. चौथ्या दिवशी सकाळी एकच बार झाला.

माणसं तिला बांबूला बांधू लागली. “कातडीला ओरखडा नको,” साहेब म्हणाले. “फोटो काढायचाय. गाडी आणा.”

“इथी गाडी येत नाई जी.”

“येईल. झाडं तोडा. तू पुढे हो, वाट तुलाच ठाऊक.”

लटारूने कुऱ्हाड उचलली. दुपारपर्यंत वाट मोकळी झाली. वासाने बुजलेले बैल डोळे बांधून जुंपावे लागले. लालसूच्या गावची माणसं कडेला उभी होती.

साहेबांनी मागे वळून झऱ्याकाठच्या चाकोऱ्या पाहिल्या. “छान वाट काढलीस रे लटारू. हीच पक्की करू.”

“हो जी.”

वाघिणीचं शेपूट गाडीखाली लोंबून मातीत घासत होतं. लटारूने ते उचललं आणि बंगल्यापर्यंत दोन्ही हातांत धरून चालला. साहेबांना वाटलं, कातडी जपतोय.