गोळीच्या चालीनं

मी झाडलेली गोळी चालत निघाली.

बार नेहमीसारखाच झाला. दस्त्यानं खांद्याला हिसका दिला, बाभळीवरचे होले उडाले, जळक्या दारूचा वास आला. फक्त गोळी नळीतून बाहेर पडली ती सकाळी फिरायला निघालेल्या गृहस्थासारखी. छातीच्या उंचीवर, स्वतःभोवती सावकाश फिरत, समोरच्या रानरेड्याच्या दिशेनं.

माझी सगळी नोकरी दारूगोळा कारखान्याच्या तपासणी खात्यात गेली. गोळी नळीतून सुटते आणि वाळूच्या ढिगात शिरते, एवढं मला माहीत होतं. मधल्या वेळात ती कशी दिसते ते कधी पाहायला मिळालं नव्हतं. चांगली दिसते. तांब्याचं अंग, नाकाशी शिशाचा राखाडी ठिपका, आणि अंगभर नळीतल्या आट्यांचे तिरके ओरखडे. नुकतीच अंघोळ करून आल्यासारखी.

"उत्तम बार, मोहितेसाहेब," रेगे म्हणाले. "आता चलावं."

रेगे म्हणजे आमचे शिकारी यजमान. जन्म इथलाच, मोशी गावचा, आजोबा रेल्वेबरोबर आफ्रिकेत, टांगानिकात आलेले. रेग्यांनी मराठी आजोबांकडूनच घेतली होती आणि त्यानंतर तिच्यात भर घालण्याचं काही कारण पडलं नव्हतं.

"कुठं चलावं?"

"गोळीसमवेत. आमच्याकडे नियम आहे. झाडणाऱ्यानं गोळीस एकटी सोडू नये. ती पोहोचेतोवर सोबत असावं."

"आणि रेडा?"

"तो उभा आहे. वृद्ध आहे, कळपानं हाकललेला. त्यास कुठं जायचंय?"

मी निवृत्त सरकारी नोकर आहे. नियम म्हटलं की माझे पाय आपोआप चालू लागतात. बंदूक खांद्याला अडकवली आणि गोळीच्या उजव्या बाजूनं निघालो.

रेड्यापर्यंतचं अंतर रेग्यांनी सव्वाशे पावलं सांगितलं होतं. ते बंदुकीच्या हिशेबानं होतं. चालत ते बरंच जास्त निघालं. रेडा जिथं होता तिथंच होता, हरभऱ्याच्या दाण्याएवढा, आणि मधे गवताचं एक मोठं मैदान अंथरलेलं होतं.

माग काढणारे मसावे नावाचे गृहस्थ पुढून आले. त्यांनी गोळीकडे पाहिलं, टोपी काढली आणि म्हणाले, "शिकामू."

"वडीलधाऱ्यांस असा नमस्कार करतात," रेग्यांनी सांगितलं. "एवढ्या सावकाश येतेय म्हणजे मोठीच कुणीतरी असणार असं त्यांस वाटतंय. उत्तर 'मराहबा' असं द्यायचं असतं."

गोळी काही बोलली नाही. तिच्या वतीनं मी "मराहबा" म्हणालो. मसाव्यांनी टोपी घातली आणि ते जेवायला गेले. त्यांनी काही झाडलेलं नव्हतं.

तेवढ्यात शरयू जीपमधून उतरून आली. शरयू म्हणजे माझी बायको. हातात छत्री, खांद्याला थर्मास, साडीखाली नातवाचे बूट.

"अहो, लागली का?"

"जातेय."

"कोण जातंय?"

मी बोट दाखवलं. शरयूनं चष्मा लावला, वाकली आणि गोळीबरोबर तिरकी चालत तिला नीट पाहून घेतलं.

"हीच? एवढीशी? आणि एवढ्याशा हिच्यासाठी तुम्ही आयुष्यभर डबा घेऊन जात होता?"

"लाखो होत्या."

"म्हणून काय झालं. एकेक तर एवढीशीच ना." मग तिनं गोळीला विचारलं, "चहा घेणार का गं?" आणि उत्तर यायच्या आत छत्री उघडून तिच्यापुढं धरली. ऊन होतं म्हणून.

गोळी छत्रीतून गेली. तिनं चाल मोडली नाही. कापडाला गोल भोक पडलं आणि त्यातून उन्हाची एक काडी शरयूच्या गालावर आली.

"नवी होती हो," शरयू म्हणाली.

पुढं वाटेत गोरखचिंच लागली. चार माणसांनी हात धरले तरी कवेत न येणारी. गोळी सरळ खोडात शिरली. आम्ही वळसा घालून पलीकडे गेलो आणि थांबलो. बराच वेळ काही आलं नाही. रेगे घड्याळ पाहू लागले. शरयू खोडाला कान लावून उभी राहिली. परीक्षेच्या हॉलबाहेर आईबाप उभे राहतात तसे आम्ही उभे होतो. मला एकदम जाणवलं की ती आतच राहिली तर मला फार वाईट वाटेल.

मग सालीतून राखाडी नाक दिसलं. थोडा भुसा झटकून गोळी बाहेर आली आणि चालू लागली. शरयूनं टाळ्या वाजवल्या.

रेग्यांनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "ही मऊ नाकाची होती ना? मऊ गोळी आत शिरली की फुलासारखी उमलते आणि तिथंच थांबते. ही तर जशीच्या तशी आली."

"वेग नाही," मी म्हणालो. हे मला येत होतं. "उमलायला तिला वेग लागतो. वेग नसला की मऊ गोळीही टणक गोळीसारखी वागते."

"आत मऊ, पण उघडायचं म्हणून नाही," शरयू म्हणाली. "आमच्या घरी आहेत तसले एक."

रेगे हसले. मी हसलो नाही, कारण बुटात काटा गेला होता. मी खाली बसलो, बूट काढला, काटा काढला, बूट घातला. तेवढ्यात गोळी पाच-सात हात पुढं गेली होती. शेजारी एक बाई उभ्या होत्या. हातात भोक पडलेली छत्री, चेहरा चांगला, ओळखीचा वाटावा असा. त्यांनी मला पाणी दिलं.

"आभारी आहे, बाई," मी म्हणालो.

"बाई?"

"आपण रेग्यांच्या कोण?"

त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पुढं गेलेल्या गोळीकडे पाहिलं. मग माझं कोपर धरलं आणि साठीच्या बाईनं पळू नये तसं पळत मला ओढत नेलं. गोळीच्या बरोबरीला आलो.

"शरयू," मी म्हणालो, "ओढतेस कशाला? पडशील."

ती धापा टाकत होती. तिनं कोपर सोडलं नाही. बराच वेळ आम्ही तसेच चाललो, मधे मी, एकीकडे गोळी, एकीकडे ती.

"म्हणून तो नियम आहे, वहिनी," रेगे हळूच म्हणाले. "झाडणारा मागं पडला की त्याचं एकेक मागं पडत जातं."

"आणि पुढं? ही थांबायची कधी?"

"पोहोचल्यावर."

"आणि त्यानं अंग काढून घेतलं तर? तो रेडा बाजूला झाला तर?"

"तर ही चालत राहील. वेग कमी कमी होईल, पण संपायचा नाही. लाकूड, माती, कशानं थांबायची नाही. तिला देह लागतो. या रेषेत पुढं समुद्र आहे. गोळी पाण्यातून जाईल. साहेबांस जावं लागेल. त्यापलीकडे बहुधा आपलं कोकण."

शरयूनं हिशेब केला. ती हिशेब करते तेव्हा खालचा ओठ दातात धरते. रेडा हलला तर मी समुद्रात. रेडा उभा राहिला तर रेडा गेला. मी थांबलो तर ती माझ्यासाठी नुसती कुणी बाई.

"त्याला मी बघते," ती म्हणाली. तिनं थर्मास माझ्या गळ्यात अडकवला आणि गोळीच्या पुढं निघाली.

"वहिनी, गोळीच्या पुढं कुणी जात नाही!"

"जातंय की," शरयू म्हणाली.

ती गवतातून लहान होत गेली. दुरून मी पाहत होतो. रेडा आता बोराएवढा होता, म्हणून रेग्यांनी मला दुर्बीण दिली. शरयू त्याच्यापाशी पोचली तेव्हा त्यानं मान वर केली. कपाळावर मधोमध भांग पाडून बाजूला चापून बसवल्यासारखी शिंगं, अंगावर वाळलेल्या चिखलाची खपली, पाठीवर लाल चोचीचे चार पक्षी. रेगे बंदुकीचा घोडा चाचपू लागले. मी म्हणालो, "राहू द्या. तिच्या माहेरी म्हशी होत्या."

शरयूनं आधी त्याच्या कानामागचा चिखल उकरला. मग त्याच्या डोळ्यात पदराच्या टोकानं काहीतरी केलं. रेड्यानं मान खाली घातली ती तिच्या खांद्याच्या उंचीला आणून ठेवली. त्याला कळपातून कुणी हाकललं होतं, किती वर्षांपूर्वी, कुणास ठाऊक. एवढ्या काळात त्याच्या कानामागं कुणी खाजवलं नसणार.

आम्ही पोचायच्या बेतात होतो. मला तिचं बोलणं ऐकू येऊ लागलं.

"हाल्या, हे बघ. बाजूला व्हायचं नाही. बाजूला झालास तर ते समुद्रात जातील, त्यांना पोहता येत नाही. उभंही राहायचं नाही. मागं सरायचं. सरळ रेषेत. जमेल ना?" तिनं तळवा त्याच्या कपाळावर ठेवला, जीभ टाळूला लावून टक्‌ टक्‌ केलं. "मागं. मागं सर, शहाणा माझा."

रेडा एक पाय मागं सरला. मग दुसरा.

"वहिनी वेळ काढताहेत," रेगे म्हणाले. "जितकं अंतर, तितका वेग मरणार." त्यांच्या आवाजात आदर होता. एवढ्या वर्षांत त्यांनी पळणारी, धावून येणारी, पडणारी जनावरं पाहिली होती. कुणा बाईच्या तळव्यापुढं रिव्हर्स जाणारा रानरेडा त्यांनी पाहिला नव्हता.

अशी आमची वरात निघाली. सगळ्यांत पुढं उलट्या पावली चालणारा रेडा, त्याच्या कपाळावर बाजूनं हात ठेवून शरयू, मग गोळी, तिच्या शेजारी मी. गोळीची चाल खरोखरच कमी होत होती. आधी मला तिच्याबरोबर यायला पाय उचलावे लागत, मग नुसती शतपावली पुरली, मग अंगणात बाळ चालवावं तशी. मी शरयूशी बोलत होतो, ती रेड्याशी. एकदा ती मागं न पाहता म्हणाली, "अहो, माझं नाव सांगा."

"शरयू."

"माहेरचं?"

"सिंधू. आडनाव जाधव. नाकात चमकी होती, ती रंकाळ्यात पडली."

"बरं. चालू द्या."

रेगे गाडी घेऊन ये-जा करू लागले. मसावे लिंबाचा चहा आणत. येताना गोळीला शिकामू, आता रेड्यालाही शिकामू. मराहबा मीच म्हणत होतो.

मग रेड्याचं ढुंगण कातळाला लागलं.

मैदान तिथं संपत होतं. काळा, उभा, उंच कातळ. शरयूनं टक्‌ टक्‌ केलं. रेड्यानं मागचा पाय उचलला, कातळावर टेकवला, पुन्हा खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. आपण ऐकलं नाही असं तिला वाटू नये म्हणून त्यानं पुन्हा एकदा करून दाखवलं.

"असू दे," शरयू म्हणाली. "पुष्कळ केलंस."

गोळी त्याच्यापासून हातभर होती. रेग्यांनी खिशातून भिंग काढलं आणि बराच वेळ पाहिलं. "चालतेच आहे," ते म्हणाले. "थांबलेली नाही. थांबायची नाही." मग त्यांनी भिंग पुसलं, खिशात ठेवलं आणि विचारलं, "खुर्च्या आणू?"

त्यांनी दोन खुर्च्या आणल्या. नंतर ताडपत्री आणली, स्टो आणला, शरयूनं मागितली म्हणून मेथी आणली. मी गोळीशेजारी बसतो. आता तिच्याबरोबर असायला चालावं लागत नाही. बसल्या जागी खुर्ची सरकवली की पुरतं. रेडा उभ्याउभ्या झोपतो. जागा झाला की शरयू त्याला मेथीच्या काड्या भरवते आणि पानं आमच्यासाठी ठेवते. त्याच्या पाठीवरचे पक्षी अधूनमधून उतरून गोळीवर बसतात, पण तिच्या फिरण्यानं त्यांचे पाय घसरतात.

"हिला काही वाटत असेल का हो?" शरयूनं विचारलं.

"गोळीला?"

"एवढी सगळी सोबत. मग शेवटी तेच करायचं."

मी म्हणालो, तपासणी खात्यात तशी चाचणी नव्हती.

हातभराचं वीतभर झालं. वितीचं चार बोटं झालं. गोळीचं राखाडी नाक आणि रेड्याची मानेखालची, छातीवरची कातडी, तिथं चिखल गळून गेलाय आणि खालचा ठोका डोळ्यांना दिसतो. शरयू तिथं रोज बोटं धरून अंतर पाहते. काल तिची दोन बोटं कशीबशी मावली. आज तिनं एकच घातलं, आणि मग काढलंच नाही.